सायलेंट हिल २ : कॅमेरा खांद्यावर आला, मग आपल्याकडे बघतंय कोण?

काजवा

आधीच सांगतो, धाग्यात शेवटाबद्दल उघड चर्चा होणार आहे. ज्यांना गेम कोरा खेळायचा आहे त्यांनी कृपया इथूनच परत फिरा. खरंच फिरा, हा गेम एकदाच पहिल्यांदा खेळता येतो.

ज्यांनी खेळलेला नाही आणि खेळणारही नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात : जेम्स सदरलँड नावाच्या माणसाला बायकोचं, मेरीचं पत्र येतं. आपल्या खास जागी तुझी वाट बघतेय, असं त्यात लिहिलंय. मेरी तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली आहे. तरी तो सायलेंट हिल या अमेरिकेतल्या तळ्याकाठच्या गावी जातो. गावात धुकं आहे, माणसं जवळजवळ नाहीत, आणि जे प्राणी फिरतायत ते त्याच्याच मनातून आलेले आहेत. मूळ गेम २००१चा, प्लेस्टेशन २वरचा, कोनामीच्या 'टीम सायलेंट'नं केलेला. रिमेक, म्हणजे तोच गेम नव्यानं घडवलेला, पोलंडच्या ब्लूबर टीमनं केला आणि तो ८ ऑक्टोबर २०२४ला आला.

२०२२मध्ये हे काम ब्लूबरकडे गेल्याचं जाहीर झालं तेव्हा जुन्या चाहत्यांचा जीव खालीवर झाला होता. माझाही. आता रिमेक पूर्ण खेळलो, मूळ गेम पुन्हा खेळलो. रिमेक फार मायेनं केलेला आहे हे आधी कबूल. मूळ संगीतकार अकिरा यामाओका आणि राक्षसांची रूपं रेखाटणारे मासाहिरो इतो दोघंही पुन्हा कामाला होते, आणि ते दिसतं, ऐकू येतं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. मूळ गेममध्ये कॅमेरा बऱ्याच ठिकाणी आपल्या हातात नसतो. वूडसाइड अपार्टमेंटमध्ये आपण एखाद्या खोलीत शिरतो आणि कॅमेरा छताच्या कोपऱ्यातून खाली बघत असतो. जेम्ससमोर काय आहे ते आपल्याला दिसत नाही. राक्षस जवळ आला की जेम्सच्या खिशातला रेडिओ खरखरतो, ती खरखर वाढते, एवढंच. त्या वेळी सतत वाटत राहतं की इथे कुणीतरी बसलंय आणि ते जेम्सकडे बघतंय. रिमेकमध्ये कॅमेरा जेम्सच्या खांद्यामागे आहे आणि कायम आपल्या ताब्यात आहे. मी जास्त वेळा दचकलो, पण ते 'बघितलं जाणं' मला फारसं जाणवलं नाही.

तुम्हाला काय वाटतं? असा गेम नव्यानं घडवताना कॅमेरा बदलला तर गेम तोच राहतो का?

बटणदाब्या

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. आत्ता एवढंच : टॉयलेटमध्ये हात घालायचा प्रसंग नव्या ग्राफिक्समध्ये बघून मी जेवण पुढे ढकललं होतं.

कोडमास्तर

चांगला विषय. कॅमेऱ्याआधी धुक्याबद्दल बोलू द्या, कारण दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आल्यात.

१९९९च्या पहिल्या सायलेंट हिलमध्ये धुकं आलं ते प्लेस्टेशन १ला लांबचं गाव काढून दाखवणं झेपत नव्हतं म्हणून. वीस-पंचवीस पावलांपलीकडचं काही काढायचंच नाही, तिथे धुकं किंवा अंधार टाकायचा. टीम सायलेंटचं मोठेपण हे की त्यांनी या अडचणीभोवती अख्खं गाव रचलं. दुसऱ्या गेमच्या वेळी यंत्र बरंच ताकदवान होतं, तरीही धुकं ठेवलं, आणि तेही हलतं, थरांचं, जिवंत वाटणारं.

याची किंमत कळली ती २०१२च्या एचडी कलेक्शनमध्ये, म्हणजे जुने गेम नव्या यंत्रांसाठी पुन्हा काढले त्या संचात. ती आवृत्ती करणाऱ्यांच्या हाती मूळ गेमचा अंतिम कोडच आला नव्हता, अर्धवट अवस्थेतल्या कोडवरून त्यांना काम करावं लागलं. धुकं गेलं. तळ्याचं पाणी जिथे संपतं तिथली सरळ कड दिसायला लागली. एका पाटीवर तर कॉमिक सॅन्स या बाळबोध फॉन्टमधली अक्षरं आली! ज्यांनी तेव्हा पहिल्यांदा तो गेम खेळला त्यांना 'यात एवढं काय आहे' असंच वाटलं असणार. त्या लोकांबद्दल मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा रिमेककडून माझी पहिली अपेक्षा धुक्याची होती आणि ती पूर्ण झाली. रस्त्यावर चालताना समोरच्या मोटारीचा आकार आधी येतो, रंग नंतर येतो. अनरियल इंजिन ५सारखं आजचं ताकदवान सॉफ्टवेअर वापरून सगळं लख्ख दाखवायचा मोह त्यांना झाला नाही, याला मी शंभर गुण देईन.

कॅमेऱ्याबद्दल काजवाशी अर्धा सहमत. नंतर लिहितो.

वेताळटेकडी

काजवा, मूळ गेमचा कॅमेरा आठवणीत जितका ग्रेट वाटतो तितका हातात घेतल्यावर राहत नाही. मी रिमेक आधी खेळलो, मग मूळ. दार समोर आहे आणि जेम्स भिंतीला घासत चाललाय. मारायला लाकडी फळी उचलली तर कॅमेरा तिसरीकडेच. ती भीती नव्हे, त्याला वैताग म्हणतात.

खांद्यामागच्या कॅमेऱ्यानं जी नवी भीती आणली ती तुम्ही मोजतच नाही आहात. मॅनेकिन आठवा, ते दोन जोड पायांचं धूड. मूळ गेममध्ये ते खोलीच्या मध्यात उभे असतात आणि उजेड पडला की हलतात. रिमेकमध्ये ते टेबलामागे, कपाटाआड, दाराच्या बाजूला निश्चल उभे राहून वाट बघतात. खोलीत शिरलं की मी आधी प्रत्येक कोपऱ्यात टॉर्च फिरवायचो. आणि टोलुका तुरुंगात तेच भिंतींवरून चढतात. हे सगळं स्वतःच्या नजरेनं शोधावं लागतं म्हणूनच तर अंगावर येतं. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यात हे जमलंच नसतं.

काजवा

वेताळटेकडी, मॅनेकिनच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. पण बघा, तुम्ही वर्णन केलीत ती शिकाऱ्याची सावधगिरी आहे. शत्रू कुठे लपलाय ते शोधायचं, पाय नेम धरून मोडायचे, वार चुकवायचा. जेम्स शिकारी नाही. तो एक साधा, दमलेला माणूस आहे. मूळ गेममधली त्याची ती हातघाईची, गबाळी मारामारी मला त्याच्या स्वभावाचा भाग वाटायची.

अबोली_र

इतके दिवस नुसती वाचक होते. या धाग्यासाठी लॉगिन केलं.

काजवा म्हणतात ते 'बघितलं जाणं' कॅमेऱ्यात शोधू नका, हिशोबात शोधा. सायलेंट हिल २मध्ये शेवट कुठला येणार हे संवादातले पर्याय निवडून ठरत नाही. आपण कसे खेळतो ते गेम मुकाट टिपून ठेवतो. गावात भेटणाऱ्या अँजेला या दुखावलेल्या मुलीनं दिलेला सुरा वारंवार काढून न्याहाळला, जखमी असताना औषध न घेता तसंच फिरत राहिलो, तर जेम्सला जगायचं नाही असं गेम धरून चालतो आणि तो तळ्यात बुडण्याच्या शेवटाकडे जातो. मेरीचा फोटो आणि पत्र परत परत उघडलं, स्वतःला जपलं, तर तो गावातून बाहेर पडतो. मारियाच्या, म्हणजे गावात भेटणाऱ्या हुबेहूब मेरीसारख्या बाईच्या जवळ राहिलो, हॉस्पिटलच्या खोलीत तिला बघायला पुन्हा गेलो, तर मारियाचा शेवट.

मी पहिल्यांदा खेळले तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. तळ्याचा शेवट आला. मी तो निवडला नव्हता. औषधं पुढे लागतील म्हणून साठवून ठेवत होते, आणि गेमनं त्याचा अर्थ काय घेतला! नंतर कारण वाचलं तेव्हा जो काटा आला तो कुठल्याही राक्षसानं आणला नाही.

रिमेकनं हा हिशोब तसाच ठेवलाय. वर दोन नवे शेवट घातलेत. म्हणून माझ्या मते नजर अजून आहे, फक्त छताच्या कोपऱ्यात नाही.

कोडमास्तर

अबोली_र, +१. यापेक्षा नेमकं कुणी मांडलेलं वाचलं नाही. आणि मूळ गेममधल्या पत्राचं विसरू नका. जेम्सजवळचं मेरीचं पत्र गेम पुढे सरकतो तसं कोरं होत जातं. आधी अक्षरं जातात, मग कागद, मग पाकीट. गेम याची घोषणा करत नाही. सामानाच्या यादीत जाऊन ते पुन्हा उघडणाऱ्यालाच कळतं.

बटणदाब्या

आलो. सगळे गंभीर शेवट चाललेत आणि कुत्र्याचं नाव कुणीच काढलं नाही, हा अन्याय आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एका शेवटात जेम्स दार उघडतो आणि आत एक शिबा इनू हेडफोन लावून सगळी कळपट्टी चालवत बसलेला असतो. इतका वेळ कोण बघत होतं या काजवाच्या प्रश्नाचं अधिकृत उत्तर तेच. रिमेकमध्येही आहे तो. पुन्हा खेळायला लागलं तरी चालेल, पण तो बघाच.

काजवा

हा हा, हे उत्तर मला मान्य आहे.

घाटवाट

मी फक्त मूळ गेम खेळलोय, कॉलेजात असताना, मित्राच्या प्लेस्टेशनवर. रात्री त्याच्या घरचे झोपले की आवाज बारीक करून. रेडिओची खरखर ऐकू येईना म्हणून आम्ही दोघं टीव्हीला कान लावून बसायचो.

मला एक विचारायचंय. मूळ गेममधला तो विचित्र संवाद रिमेकमध्ये टिकलाय का? गाय सिही यांचा जेम्स असा बोलायचा की जणू त्याला वाक्यांचा अर्थ उशिरा कळतोय. पुष्कळ लोक त्याला कच्चा अभिनय म्हणतात. मला तो झोपेत चालणाऱ्या माणसाचा आवाज वाटायचा आणि त्या गावाला शोभायचा.

वेताळटेकडी

घाटवाट दादा, ते गेलंय. रिमेकमध्ये जेम्स ल्यूक रॉबर्ट्सनं केलाय, चेहऱ्याच्या हालचालीसुद्धा त्याच्याच टिपल्यात. बोलणं आता नेहमीच्या माणसासारखं आहे. पण गप्प असताना तो जे करतो ते मूळ गेममध्ये शक्यच नव्हतं. सुरुवातीलाच स्वच्छतागृहातल्या आरशात तो स्वतःकडे बघतो ना, तिथे त्याच्या डोळ्यांत काहीतरी हलतं. दुसऱ्यांदा खेळताना त्या नजरेचा अर्थ लागतो.

सोनचाफा

मी गेम फारसे खेळत नाही. हा नवऱ्यानं सुरू केला आणि मी शेजारी बसून बघत होते. मग अर्ध्यात त्याच्या हातून घेतला.

मला कॅमेऱ्याचं काही कळत नाही, पण हॉटेलचं कळलं. लेकव्ह्यू हॉटेलमध्ये खोली क्रमांक ३१२ आहे. तिथे जेम्स व्हिडिओ कॅसेट लावतो आणि समजतं की मेरी आजारानं गेली नाही, त्यानंच तोंडावर उशी दाबून तिला मारलं. मी तिथे रडले नाही. त्यानंतर तो एका लांब बोळातून चालत जातो आणि दोघांचं जुनं बोलणं ऐकू येतं, तिथे रडले. तो फुलं घेऊन आलाय. ती चिडते, म्हणते नकोत, चालता हो. मी आता कशी दिसते बघ. आणि लगेच दुसऱ्या क्षणी, जाऊ नकोस, जवळ बस.

माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होत्या. सगळं मीच करायचे. त्याही असंच बोलायच्या, एका दमात हाकलायच्या आणि परत हाक मारायच्या. माझ्या मनात काय काय येऊन जायचं ते मी आजवर कुणाला बोलले नाही. सेवा करणाऱ्याला राग येतो, सुटका हवीशी वाटते, आणि ती हवीशी वाटली म्हणून स्वतःची किळस येते. आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही. 'किती केलंस गं' एवढंच म्हणतात.

जेम्सनं केलं ते अक्षम्य आहे, आणि गेमही त्याला सहज माफ करत नाही. पण त्या बोळात पहिल्यांदा मला वाटलं की हे सगळं कुणाला तरी ठाऊक आहे. राक्षसांची भीती मला नाही वाटली हो. मला मेरीचा आवाज पुरला.

अबोली_र

सोनचाफा ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. दोनदा वाचलं.

घाटवाट

ताई, आम्ही वीस वर्षांचे होतो तेव्हा त्या बोळातून घाईनं पळालो होतो, पुढे शेवटची लढाई आहे म्हणून. आता रिमेक घेतो. तो बोळ नीट चालायचाय.

बेळगावचा_बंड्या

वाचून मन भरून आलं, तरी एक रुक्ष प्रश्न. लॅपटॉपवर चालेल का? थोडा जुना आहे.

कोडमास्तर

बंड्या, १६ जीबी रॅम लागेल, एसएसडीवर सुमारे ५० जीबी जागा लागेल, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हवंच. सुरुवातीला कॉम्प्युटरवर अडखळत होता, चालता चालता क्षणभर थांबायचा. जुना लॅपटॉप असेल तर मूळ गेमची जुनी पीसी आवृत्ती आणि तिच्यावर चाहत्यांनी केलेलं 'एन्हान्स्ड एडिशन' बघ. ते लोक विनामोबदला वर्षानुवर्षं धुकं, सावल्या, आवाज दुरुस्त करत आलेत. मूळ गेम आज चांगल्या रूपात बघायचा तर तोच रस्ता.

काजवा

सोनचाफा, तुमच्या प्रतिसादानंतर माझा प्रश्न जरा लहान वाटायला लागलाय. तरी तो सोडवत नाही. कारण त्या बोळात मूळ गेमनंही आणि रिमेकनंही आपल्याला फक्त चालू दिलंय. मारायला काही नाही, उचलायला काही नाही. मला वाटतं रिमेक जिथे जिथे असा थांबतो तिथे तो मूळ गेमच्या तोडीस उतरतो. आणि जिथे त्याला 'अजून थोडं' करावंसं वाटतं तिथे घसरतो. मूळ गेम सात-आठ तासांत संपायचा, हा त्याच्या दुप्पट लांब आहे. तुरुंग आणि चक्रव्यूह माझ्या मते ओढून ताणून वाढवलेत.

वेताळटेकडी

चक्रव्यूहाबद्दल सहमत, तुरुंगाबद्दल अजिबात नाही! तुरुंगात दिवा थोडाच वेळ टिकतो, खटका दाबून परत लावावा लागतो. तो काळ मोजत चालणं म्हणजे रिमेकचा कळस आहे.

अबोली_र

वाढवलेल्या भागांत मला एक वाढ आवश्यक वाटली, ती अँजेलाची. तिच्या बापानं तिच्यावर जे केलं त्यातून आलेल्या राक्षसाशी जेम्स लढतो. मूळ गेममध्ये ते एका मांसल भिंतींच्या लहान खोलीत उरकतं. रिमेकमध्ये ते घर होतं. बोळ, बंद दारं, टीव्ही, आणि ते धूड मागे. लहान मुलीला स्वतःच्या घरात कसं वाटत असेल ते खेळणाऱ्याला पायांनी कळतं. आणि एवढं करून अँजेला जेम्सचे आभार मानत नाही, त्याच्यावर संशय घेते, हेही तसंच ठेवलंय. तिला कुणी वाचवायला आलेला वीर नको आहे.

रिमेकच्या पहिल्या चित्रफिती आल्या तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून इंटरनेटवर किती घाण बोलली गेली. ती सुंदर का नाही म्हणून! या व्यक्तिरेखेबद्दल असा प्रश्न विचारणाऱ्यांनी गेम खेळला होता की नाही कोण जाणे. जळत्या जिन्यावर ती जेम्सला म्हणते की मला हे रोजच असं दिसतं, तो प्रसंग रिमेकमध्ये बघा आणि मग बोला.

बटणदाब्या

अनुमोदन. जिन्याच्या प्रसंगानंतर मी बराच वेळ कंट्रोलर खाली ठेवून बसलो होतो.

बरं, काजवाच्या मूळ प्रश्नाला माझ्याकडे पुरावा आहे. रिमेकमध्ये गावभर विखुरलेले विचित्र फोटो सापडतात. त्यात जे काही दिसतं ते मोजायचं आणि तो आकडा घेऊन फोटोवरच्या मजकुरातलं तितक्या क्रमांकाचं अक्षर उचलायचं. सगळी अक्षरं लावली की वाक्य तयार होतं : तू इथे दोन दशकं आहेस. चाहत्यांनी हे सोडवलं आणि ब्लूबरच्या दिग्दर्शकानं खरं असल्याचं सांगितलं.

२००१ ते २०२४. म्हणजे जेम्स त्या गावातून सुटलाच नाही. आपण पुन्हा खेळायला घेतलं की तो पुन्हा पत्र वाचतो. मूळ गेममध्ये जिथे काही घडलं होतं आणि आता घडत नाही, अशा जागांवर गेलं की 'गतकाळाच्या झलका' मिळतात. जेम्स थबकतो, क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं होतं.

काजवा

बटणदाब्या, झलका मी बघितल्या होत्या, पण त्यांना जुन्या चाहत्यांना मारलेला डोळा समजून पुढे गेलो होतो. या फोटोंबरोबर ठेवल्या तर अर्थ पार वेगळा निघतो. रिमेक जुन्या गेमच्या जागी बसू पाहत नाही. तो त्याच्यानंतर घडतो. म्हणजे कॅमेरा बदलला यालाही कथेत जागा आहे. इतक्या फेऱ्यांनंतर जेम्स स्वतःच कोपऱ्याकोपऱ्यात वळून बघतोय.

कोडमास्तर

आता माझा राहिलेला अर्धा मुद्दा. कॅमेरा बदलायलाच हवा होता असं माझं मत, कारण आज कोपऱ्यातला कॅमेरा घेऊन आला असता तर तो भीतीचा नसता, आठवणींचा असता. आपण जुन्या फोटोंची वही चाळतो तशी मजा आली असती. पण पहिल्या गेमचं काय? कोनामीनं २०२५मध्ये जाहीर केलंय की तोही रिमेक ब्लूबरच करणार. तिथे काजवाचा प्रश्न खरा भिडणार आहे.

घाटवाट

ती गल्ली!

काजवा

हो, तीच. पहिल्या गेमचा नायक हॅरी मेसन मुलीच्या, शेरिलच्या मागे गल्लीत शिरतो. तो जसजसा आत जातो तसा कॅमेरा वरून येतो, तिरपा होतो, भिंतीआडून वळून त्याला गाठतो. कोनाडे संपतच नाहीत. अंधार होतो, हॅरी काडी पेटवतो. १९९९ साली कीइचिरो तोयामा यांच्या टीमनं हे केलं आणि तो अख्खा प्रसंग कॅमेऱ्यानं लिहिलेला आहे. तिथे हॅरीची जुनी फेरी नाही, दोन दशकांचा आधार नाही. त्याची ही पहिलीच वेळ.

माझी ब्लूबरला विनंती एवढीच की त्या गल्लीपुरता कॅमेरा आमच्या हातातून काढून घ्या. पुढे अख्खा गेम खांद्यामागून खेळवा, तक्रार करणार नाही.

वेताळटेकडी

एवढ्यासाठी मी सही करायला तयार आहे. आणि मी तर त्या कॅमेऱ्याला शिव्या देणारा माणूस.

सोनचाफा

ही मुलगी सापडते का शेवटी? की तेही सांगायचं नाही?

अबोली_र

ताई, ते मात्र सांगणार नाही. तो गेम आला की नवऱ्याच्या हातून पहिल्यापासूनच घ्या.